आजोबांना विमानातून कसं ढकलावं

तुमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, एवढं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. कुठे होते? ‘बर्माच्या बाजूला.’ कशात होते? ‘मिलिटरीत.’ एवढं भांडवल पुष्कळ झालं. आता त्यांना छत्रीधारी सैनिक करायचं आहे, कारण 15 ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर फलक लागतोय आणि समोरच्या आळीतल्यांचे आजोबा त्यावर आधीच रणगाडा चालवत बसलेत. रणगाड्याला उत्तर एकच. विमान.

सुरुवात शेवटापासून करा. आजोबांनी उडी मारली हे आधी ठरवून टाका आणि मग पुराव्याला लागा. आपल्याकडे पत्रिका अशाच जुळतात; स्थळ पसंत पडलं की छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण कुठून तरी निघतात. काही भाबडे लोक आधी कागद बघतात आणि मग ठरवतात. त्यांच्या फलकाचं काय होतं ते मला विचारा.

माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडू नका. तिच्यात डिस्चार्ज बुक निघण्याचा धोका असतो, आणि त्यात भरतीची तारीख, पलटण, नोकरीची वर्षं असलं काहीबाही लिहिलेलं असतं. त्याहून घातक म्हणजे बिल्ले. ब्रिटनमधल्या सैनिकांना या युद्धाची पदकं कोरीच मिळाली, पण हिंदुस्थानी फौजेच्या कित्येक पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली सापडते. म्हणजे ज्या उत्तरासाठी तुम्ही तीन वर्षं दहा ग्रुपांवर विचारत हिंडणार, ते घरातच एका चकतीच्या कडेवर, भिंगाखाली वाचता येण्यासारखं पडलेलं असतं. सुदैवाने बऱ्याच घरांत ही अडचण आता उरलेली नाही. बिल्ला चांदीचा असेल म्हणून चुलत्याने तो सोनाराकडे नेला, सोनाराने तांबं-निकेल सांगितलं, मग तो पोरांच्या गोट्यांच्या डब्यात गेला आणि तिथून भंगारात. मोकळे झालात.

शोध घ्यायचाच तर नावावरून घ्या, नंबरावरून कधीही नको. फौजी नंबर हा एकच धागा सरळ जातो, म्हणून तो टाळायचा. नावाचं तसं नाही. भरतीच्या टेबलावर कारकुनाने जे ऐकलं ते इंग्रजीत उतरवलं. शिंद्यांचे त्यात चार प्रकार, पवारांचे पाच, आणि आडनाव न सांगता नुसतं आपलं आणि बापाचं नाव सांगून भरती झालेले निराळेच. या दाट धुक्यात हवा तो माणूस सापडतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी घ्या. ती फक्त मेलेल्यांची आहे, हा तपशील गौण. एकट्या तौक्यानच्या रंगून स्मारकावर जवळपास 27 हजार नावं आहेत, त्यात तुमच्या आजोबांच्या नावाचा कोणी तरी निघणारच. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असे आजोबा शोधून काढले. 1944 सालचं वीरमरण, जिल्हा तोच, बापाचं नावही जवळपास तेच. हार घालून झाले, पेढे वाटून झाले, आणि मग कोणा आगाऊ माणसाने विचारलं, “पण तुमच्या वडिलांचा जन्म 51 चा ना?” गृहस्थ आता सांगतात की सरकारी कागदांत घोळ फार.

पलटणींचे आकडे ही तर खाण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण घ्या. महायुद्धात ती पायदळ होती. 1941 मध्ये इरिट्रियात केरनला लढली, मग इटलीत. युद्ध संपल्यावर ती पॅरा, म्हणजे छत्रीधारी, पलटण झाली, 1948 मध्ये काश्मीरमध्ये झांगडला लढली, आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिचं नाव पडलं 2 पॅरा (मराठा). पलटण एकच, नावं तीन. हुशारी अशी करायची की 1952 चं नाव उचलायचं आणि 1944 च्या माणसाला चिकटवायचं. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतला प्रत्येक जण मशीनगनपुढे पडला, उरले हे एकटे. ते तसेच चालून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि पलटण कोणती? पुढे 2 पॅरा झाली तीच. म्हणजे घाडगे छत्रीधारी, नाही का! हे सगळं त्यांनी दोन पायांवर केलं, ही गोष्ट तेवढी झाकून ठेवायची. फलकावर पाय उठून दिसत नाहीत.

पण खरी सुपीक जमीन म्हणजे सांगशाक. इथे जरा बैठक मारून बसा, कारण मराठी माणसाला विमानात बसवण्याची इतकी चांगली सोय दुसरीकडे नाही.

ऑक्टोबर 1941 मध्ये दिल्लीला 50 वी हिंदुस्थानी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. मार्च 1944 मध्ये ती मणिपुरात उखरुलच्या डोंगरांत होती, आणि तिथवर आली ती रस्त्याने नि पायी. कोहिमावर निघालेली जपानी फौज अचानक तिच्या अंगावर आली. 19 मार्चला पुढच्या टेकडीवरच्या कंपनीवर पहिला घाव पडला, आणि मग 26 पर्यंत सांगशाक गावाच्या डोंगरमाथ्यावर ही मंडळी वेढ्यात. काटेरी तार नव्हती. वीतभर मातीखाली खडक, त्यामुळे खंदक गुडघ्या-मांडीच्या पुढे खोल जाईना. पाणी अगदी मोजकं. विमानांतून रसद टाकली जायची, त्यातली बरीचशी वाऱ्याने आणि टिचभर जागेमुळे जपान्यांकडे जायची. थोडक्यात, पॅराशूट ब्रिगेडच्या या लढाईत आभाळातून पॅराशूटने उतरला तो दारूगोळा आणि शिधा, आणि तोही चुकीच्या घरी. माणसं सगळी जमिनीवरच होती. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ कोहिमाच्या चढाईचा नकाशा सापडला, तो वेढ्यातून पायी बाहेर काढून इम्फाळला पोचवला गेला. 26 च्या रात्री हुकूम आला, निघा. माणसं टोळ्या-टोळ्यांनी रानातून इम्फाळकडे चालत सुटली. त्या सात दिवसांनी कोहिमाला सावरायला उसंत मिळाली, हे लोक पुढे म्हणू लागले. आधी ब्रिगेडला बोलच लागला.

आता कळीचा मुद्दा. त्या डोंगरावर 152 वी हिंदुस्थानी आणि 153 वी गुरखा पॅराशूट पलटण तर होतीच, पण त्यांच्या जोडीला ब्रिगेडच्या हुकमाखाली होती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. साधं पायदळ. म्हणजे सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडचा एखादा आजोबा ‘पॅराशूट ब्रिगेडमध्ये सांगशाकला लढला’ हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं, आणि त्याने जन्मात पॅराशूट पाहिलं ते वरून येणाऱ्या शिध्याच्या पेटीचं. असं वाक्य देवाने तुमच्यासाठीच घडवलं आहे. ते मोडून आत काय आहे बघायला जाऊ नका.

कोणी फाटे फोडलेच, तर म्हणा की 152 मध्ये वेगवेगळ्या पलटणींतून स्वखुशीने आलेले जवान होते, त्यामुळे शक्यता शून्य नाही. जी शक्यता शून्य नाही ती आपल्याकडे शंभर टक्के धरतात. फक्त ‘मग उडी कुठे मारली?’ या प्रश्नाला जपा. या ब्रिगेडची शत्रूवरची मोठी उडी म्हणजे 1 मे 1945, रंगूनच्या तोंडाशी एलिफंट पॉइंट, आणि ती मारली गुरखा जवानांच्या जुळवलेल्या पलटणीने. त्या दिवशी आजोबांना तिथे न्यायचं तर आधी गुरखा करावं लागेल, आणि त्याला आजीकडच्यांची हरकत येऊ शकते.

आद्य भारतीय छत्रीधारी कोण, हेही शोधू नका, निराशा होईल. ऑक्टोबर 1941 मध्ये पहिल्या उड्या मारणाऱ्या भारतीयांत हवालदार मेजर मथुरा सिंग होते आणि लेफ्टनंट रंगराज होते. हे रंगराज डॉक्टर. पुढे 1951 मध्ये कोरियात मुनसानला अमेरिकी छत्रीधाऱ्यांबरोबर भारताच्या 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सची बारा माणसांची तुकडी उतरली, तेव्हाही पलटणीचे प्रमुख हेच. उडी मारून खाली जायचं आणि जखमा शिवत बसायचं, यात फलकावर काढण्यासारखं काय आहे? स्टेथोस्कोप?

फोटोचं सोपं. हवेत छत्र्याच छत्र्या असलेला कुठलाही चालतो. बांगलादेशच्या युद्धात 11 डिसेंबर 1971 ला टांगाइलला 2 पॅरा उतरली, साधारण 700 जवान. जगभरच्या वर्तमानपत्रांत आकडा गेला 5 हजार. सोबत जो फोटो गेला त्यात आभाळ छत्र्यांनी भरलेलं होतं, आणि तो होता आग्र्याच्या जुन्या सरावाचा. ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी फौजेचा धीर खचायला तेवढं पुरलं म्हणतात. जे काम सैन्याने युद्धात एकदा केलं, ते तुम्ही दर 26 जानेवारीला करताय, एवढाच फरक. टांगाइलचे जवान अजून पेन्शनीत आहेत, कोणी झाडावर अडकलं, कोणी तळ्यात पडलं, विचारलं तर सांगतील. म्हणूनच विचारू नये. आजोबांचा लग्नातला एकुलता फोटो रंगवून देणारी ॲप आता आहेत. फेटा काढून छत्रीधाऱ्यांची मरून रंगाची टोपी घालायला त्यांना दहा सेकंद लागतात.

आणि कागदांच्या वाटेला जाऊच नका. मराठा रेजिमेंटचं दफ्तर बेळगावला, त्यांना नंबर आणि वारसाचा पुरावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर ते आधी डिस्चार्ज बुकच मागणार, म्हणजे पुन्हा ती ट्रंक आली. पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या लंडनमध्ये क्यू इथल्या अभिलेखागारात, डब्ल्यूओ 172 या गठ्ठ्यांत. त्या वाचल्या तर आणखी एक गोष्ट कळते, आणि ती कळल्यावर माणसाचा उत्साह मावळतो. साहेब पडला की रोजनिशीत त्याचं नाव येतं. जवान पडला की आकडा येतो. आयओआर, इंडियन अदर रँक्स, इतके ठार, इतके जखमी. तुमचा आजोबा त्या इतक्यांपैकी एक, किंवा त्या इतक्यांना खांद्यावर घेऊन चाललेला एक. मला वाटतं, विमान आपण तिथेच आणतो. आकड्याला चेहरा मिळत नाही, मग निदान छत्री तरी मिळावी.

हा शहाणपणा मला उशिरा सुचला. मी ट्रंक उघडून बसलो होतो. बिल्ला निघाला, भिंग लावलं, नंबर निघाला, पलटण निघाली, चौथी मराठा. तारखा जुळवल्या. लंडनच्या भाच्याला क्यूला पिटाळून मार्च 44 ची पानं मागवली. सगळा गठ्ठा घेऊन आत्याकडे गेलो आणि विचारलं, आबांनी कधी उडीबिडीचं काही सांगितलं होतं का?

“उडी? आबांनी?” आत्या हसायलाच लागली. “आरं, ते विहिरीत पोहरा सोडताना सुदिक मागं सरकायचे.”

“मग युद्धाचं काय सांगायचे?”

“काय न्हाय. बर्मा बर्मा म्हणायचे, बास. एक खोड मात्र हुती. तांब्यातलं उरलेलं पाणी कुणी अंगणात फेकलं की लई भडकायचे. आनि झोपताना उशाशी दोन तांबे. एक रात्री प्यायला.”

“आणि दुसरा?”

“त्यो नुसता. सकाळी तुळशीला घालायचे, पर रात्री कुणी हात लावायचा न्हाय. पाव्हण्यानंबी न्हाय.”

ग्रामपंचायतीच्या फलकवाल्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, माणूस सज्जन आहे. पण त्याच्या कॉम्प्युटरवर विमानाची फाइल तयार होती, तांब्याची नव्हती.