‘लूप लिहूच नका’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: जावा या प्रोग्रामिंग भाषेत कलेक्शनमधून (लिस्ट, सेट असे घटकांचे साठे) जुळणारे घटक शोधायला लूप लिहिणं जुनाट झालं, स्ट्रीम (घटकांवर फिल्टरसारख्या क्रिया साखळीने लावायची सोय) लावा, काम एका ओळीत होतं, कोड स्वच्छ आणि वर वेगवान. जावा 8 आलं 2014 मध्ये, तेव्हापासून स्ट्रीम मीही वापरतो. तरी हा सल्ला अख्खा गिळवत नाही.

‘एका ओळीत होतं.’ ओळ एकच, पण वाचायची कशी? परवा रिव्ह्यूला आलेल्या फिल्टरच्या लॅम्डात (आत लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) चार अटी, दोन नल-तपासण्या (नल म्हणजे काहीच नसणं) आणि एक नकार होता. त्या सगळ्याची ‘मुदत संपली आहे का’ अशा नावाची मेथड केली आणि ओळ एका दमात वाचता आली. लूपमध्येही तीच मेथड बसली असती. स्वच्छता आणली ती नावाने.

‘वेगवान आहे.’ कशापेक्षा? फाइंडफर्स्ट पहिला जुळणारा घटक मिळताच थांबतो, ब्रेक असलेला लूपही थांबतो. पॅरलल स्ट्रीम (काम एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालवणारा) म्हणाल, तर छोट्या लिस्टवर काम वाटण्यातच जास्त वेळ जातो.

खरी गोम वेगळीच असते. फिल्टरच्या आत दुसऱ्या लिस्टवर कंटेन्स (‘हा घटक यात आहे का’) लिहिलेलं असतं. दिसायला देखणं, पण ती अ‍ॅरेलिस्ट असेल तर दर वेळी सुरुवातीपासून चाळली जाते. दोन्हीकडे 10,000 घटक आणि एकही जुळत नसेल, तर तुलना होतात 10 कोटी! त्या दुसऱ्या लिस्टचा आधी हॅशसेट (हॅश या आकड्यावरून घटक शोधणारा सेट) केला की एकेक शोध सरासरी स्थिर वेळात होतो. फक्त सेटमध्ये स्वतःच्या क्लासचे ऑब्जेक्ट ठेवणार असाल तर इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारी मेथड) आणि हॅशकोड (तो हॅश देणारी) दोन्ही लिहा. नुसतं इक्वल्स लिहिलं, तर घटक आत असूनही सेट ‘नाही’ म्हणू शकतो. रेकॉर्डला (जावातला फक्त डेटा धरणारा क्लासचा प्रकार) ही दोन्ही आयती मिळतात.

‘स्ट्रीममुळे नलची कटकट संपते.’ फाइंडफर्स्टपुढे डोळे मिटून गेट (सापडलेला घटक काढून घेणारी मेथड) लावलंत, तर काही न सापडल्यावर नोसचएलिमेंटएक्सेप्शन ही एरर येतेच. निवडलेला घटकच नल निघाला तर फाइंडफर्स्ट स्वतःच नलपॉइंटरएक्सेप्शन फेकतो. आणि फक्त ‘आहे का’ एवढंच विचारायचंय, तर फिल्टर करून मोजत कशाला बसायचं? एनीमॅच आहे की.

‘फॉर-ईच लूप फिरत असताना घटक काढले की कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येतं.’ हे बहुतेक वेळा खरं, मान्य. पण त्यावरचा उपाय, रिमूव्हइफ (अटीत बसणारे घटक काढणारी मेथड), जावा 8 पासून थेट कलेक्शनवरच आहे, त्याला स्ट्रीम लागतच नाही.