वेगाआधी पडत्या वजनाची चाचणी

टीएनटी या स्फोटकाचा स्फोटवेग (स्फोटाची लाट त्यातून पुढे सरकण्याचा वेग) सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर आणि एचएमएक्स या दुसऱ्या स्फोटकाचा ९,१०० च्या आसपास, मग दारूगोळ्यात सगळीकडे एचएमएक्सच का भरत नाहीत, असं तुमच्या स्फोटकांवरच्या लेखात विचारलंय. अहो, ते धक्क्याला फार लवकर पेटतं! प्रयोगशाळेत चिमूटभर नमुन्यावर ठरावीक वजन वेगवेगळ्या उंचीवरून टाकतात. निम्मे नमुने ज्या उंचीला उडतात, ती त्याच्या संवेदनशीलतेचं माप; उंची जितकी कमी, तितकं स्फोटक संवेदनशील. घर्षण, ठिणगी यांच्या चाचण्या वेगळ्याच. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती निर्वात नळीतली चाचणी: नमुना तासन्‌तास तापवून किती वायू सुटतो, म्हणजे उष्णतेनं ते किती विघटित होतं, ते मोजतात. मे महिन्यात सोलापुरात ४२-४३ अंशांत पत्र्याखाली उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दारूगोळा अशाच उन्हात वर्षानुवर्षं पडून असतो, आणि त्याच्याजवळ जवान झोपतात. पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) स्फोटक-संशोधन प्रयोगशाळेतल्या या कामावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.