रक्त गावाचं, मग रिपोर्ट कुणाचा?

आरोग्य संशोधन म्हटलं की बहुतेकांना पांढरे कोट आणि प्रयोगशाळा आठवतात. मला गडचिरोलीचे मणी आठवतात.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही आरोग्यसेवा आणि संशोधन करणारी संस्था सुरू केली. लहान बाळं न्यूमोनियाने दगावत होती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका, ही साधी खूण. पण गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी मण्यांचं यंत्र केलं. शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. सुईणीला अडाणी म्हणून बाजूला न सारता तिच्या हाताला जमेल असं साधन शोधणं, याला मी अस्सल संशोधन म्हणते.

१९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात राणीताईंचा अभ्यास आला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, त्यात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्या सगळ्या दुखणं अंगावर काढत होत्या, आणि सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसायची ती फक्त बाळंतपणात आणि नसबंदीत.

पुढे १९९९ मध्ये छापून आलेला त्यांचा नवजात बाळांचा अभ्यास. गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी बाळांची काळजी घेतली. वजन, ऊब, अंगावरचं दूध, आणि जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलं. २०११ पासून आशाताई देशभर बाळाच्या घरी ४२ दिवसांपर्यंत भेटी देतात, त्याचं मूळ इथे आहे. (त्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. आशाताईंच्या कष्टांची ही किंमत मला अजिबात पटत नाही.)

या कामात माहिती ज्या गावातून घेतली, तिचा उपयोग त्याच गावात झाला. सगळीकडे असं होत नाही. मी स्वतः काही वर्षं विदर्भात पाहण्यांचे फॉर्म भरले आहेत. एका घरी हिमोग्लोबिनसाठी बोटाला सुई टोचणार, तेवढ्यात आजींनी विचारलं, "मांगच्या साली बी रगत नेलं होतं ना बाई, काय निंघालं त्याच्यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच्या पाहणीचा अहवाल गावापर्यंत आलाच नव्हता. संमतीपत्रावर आजींचा अंगठा मात्र दोन्ही वेळेस घेतला गेला.

हा त्या बाईंचा अपमान आहे, आणि संशोधनाचं नुकसानही. पुढच्या खेपेला लोक खरं कशाला सांगतील? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लोकसहभाग आणि लाभातला वाटा या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत, म्हणजे नियम नाहीत अशी सबब चालणार नाही. निबंध छापून यायला वर्ष-दोन वर्षं लागोत, पण कुणाचं हिमोग्लोबिन सहा, म्हणजे फारच कमी, निघालं हे तिला त्याच आठवड्यात कळलं पाहिजे, सोबत गोळ्या आणि दवाखान्याची चिठ्ठी. गावाचा एकूण निकाल ग्रामसभेत, गावच्या बोलीत वाचून दाखवला पाहिजे.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांवर बसणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पुढचा प्रस्ताव मंजूर करण्याआधी एवढं विचारा: निकाल सांगायला गावात कोण जाणार, कुठल्या महिन्यात, आणि त्याचा खर्च बजेटमध्ये कुठे धरलाय?