खुलासा : केशवराव भोसले नाट्यगृहाच्या जागी फक्त स्मारक होणार, हे खरे नाही

गेले काही दिवस कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘नाट्यगृह पूर्ण जमीनदोस्त झालंय, तिथं आता फक्त शाहू महाराजांचं स्मारक होणार, नाटकं दुसरीकडं हलणार.’ ही माहिती चुकीची आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती, म्हणून ती रात्र जास्तच जिव्हारी लागली. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. शेजारच्या खासबाग मैदानाच्या कुस्तीच्या व्यासपीठालाही झळ बसली. पण दर्शनी दगडी बांधकाम उभं राहिलं. म्हणजे ‘जमीनदोस्त’ हा शब्दच खोटा. आगीनंतर शासनाने जाहीर केलं ते वास्तू होती तशी पुन्हा उभारण्याचं.

मेसेजमध्ये आणखी एक चूक आहे. केशवरावांचं नाव शाहू महाराजांनी दिलं, असं त्यात लिहिलंय. महाराजांनी १९१५ मध्ये खुलं केलं ते ‘पॅलेस थिएटर’. केशवराव १९२१ मध्ये गेले, महाराज १९२२ मध्ये; नाव बदललं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

स्मारकाची मागणी करणाऱ्यांची भावना मी समजू शकतो. जळक्या खुणांचा एखादा कोपरा, जुने फोटो आत जरूर ठेवावेत. पण महाराजांनी ही जागा नाटकासाठी बांधली, शेजारची कुस्तीसाठी. तिथं तिसरी घंटा वाजलीच पाहिजे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.