नाळेतलं रक्त साठवायचं का? माझं मत

ओळखीत कुणाला दिवस गेले की सातव्या-आठव्या महिन्यात मला हमखास मेसेज येतो: 'बाळाचे स्टेम सेल ठेवू का गं?' सोबत नाळेतलं रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खासगी बँकेच्या माहितीपत्रकाचा फोटो. गोंडस बाळ, ऐंशीहून जास्त आजारांची यादी आणि खाली हप्त्यांची सोय.

ती यादी काही खोटी नसते. नाळेतल्या रक्तात रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात आणि ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), जन्मजात प्रतिकारशक्तीचे काही आजार यांत त्या खरोखर वापरल्या जातात. नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं. पेशंट पाच वर्षांचा मुलगा, आजार फॅन्कोनी अॅनिमिया, म्हणजे अस्थिमज्जा (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) निकामी करणारा आनुवंशिक आजार. रक्त त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. तिला तो आजार नाही आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात, हे ती पोटात असतानाच तपासलं होतं.

रक्त बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हे. माहितीपत्रक नेमकं इथेच गप्प बसतं. थॅलेसेमियाचा दोष बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो, मग नाळेतल्या पेशी कुठून निरोगी असणार? लहानपणीच्या ल्युकेमियातही सुरुवातीचे बिघाड बरेचदा जन्माच्या वेळीच रक्तात असतात. म्हणजे यादीतल्या बऱ्याच आजारांत बाळाच्याच रक्ताची साठवलेली पिशवी बाळाला कामाची नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर होणारा परिणाम) वगैरेंवर प्रयोग झालेत, पण सिद्ध उपचार म्हणावं असं अजून हाती काही नाही. तरी 'जैविक विमा' म्हणून विकतात. संताप येतो तो याचाच, कारण गिऱ्हाईक असतं घाबरलेलं, हळवं झालेलं जोडपं.

रक्त काढण्यात त्रास नाही, हे मात्र खरं. बाळ बाहेर आलं, नाळ चिमट्याने बंद करून कापली की तिच्या शिरेत सुई घालतात आणि रक्त आपोआप खालच्या पिशवीत उतरतं. ना आईला दुखतं, ना बाळाला. पुढे तपासण्या करून ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांना ठेवतात. पण मिळून मिळून मिळतं किती? साधारण 100 मिली, कधी त्याहून कमी. मोठ्या माणसाला एका पिशवीतल्या पेशी बरेचदा पुरत नाहीत, म्हणून दोन बाळांच्या पिशव्या एकत्र देतात.

आणि ते रक्त मुळात बाळाचंच आहे की! नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतलं बरंचसं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा होतो. पिशवी भरायची म्हणून कुणी घाईने चिमटा लावत असेल, तर सरळ नाही म्हणा.

सार्वजनिक बँकेत दान करता येत असेल तर जरूर करा. नाळरक्ताला अस्थिमज्जेइतकं तंतोतंत जुळावं लागत नाही, त्यामुळे दाता न सापडलेल्या कुणा अनोळखी मुलाला ते चालू शकतं. घरात आधीच एखाद्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे धाकट्याचं रक्त राखून ठेवायलाच हवं. पण ते थोरल्याच्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवा, आणि बाळंतपणाच्या बरंच आधी. खासगी बँकेच्या एजंटला मात्र एवढंच विचारा: 'तुमच्याकडच्या किती पिशव्या आजवर त्याच बाळासाठी वापरल्या गेल्या, आणि कोणत्या आजारासाठी?' उत्तर लेखी मागा.