कार्ड दाखवलं की चौकशी टळते?

‘यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवा, बौद्धिक दिव्यांग मुलाची पोलीस चौकशी करूच शकत नाहीत,’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम १७९ साक्षीदारांबद्दल आहे: दिव्यांग साक्षीदाराला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच तो राहतो तिथे जायचं. तो स्वतः यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. पण ती तयारी खरी की नुसतं मान डोलावणं, हे घरच्यांनी बघावं. चौकशीच होणार नाही, असं मात्र कायदा म्हणत नाही. संशयित असेल तर हे कार्ड अटक थांबवत नाही. अटकेनंतर चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क याच संहितेचं कलम ३८ देतं, पूर्ण वेळ नसला तरी.