सोफ्यावरून घाट चढण्याची रीत

टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत, पाहणाऱ्याची पहिली परीक्षा शेजारी घेतात. "भाऊ, आज कोन जिंकलं?" एवढाच प्रश्न असतो. एक नाव सांगून मोकळे झालात तर तुम्ही क्रिकेटवालेच राहिलात. जाणकाराने आधी चष्मा पुसावा आणि विचारावं, "काय जिंकलं म्हणता? टप्पा, की जर्सी? पिवळी एकूण वेळेची, हिरवी गुणांची, ठिपक्यांची घाटांची की पांढरी तरुणांची?" समोरचा तिथेच निम्मा गळतो. मग सावकाश सांगावं की टप्पे २१, विश्रांतीचे दिवस २, अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे. टप्प्याचा विजेता रोज वेगळा ठरतो, पण सगळ्या दिवसांचा वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, पिवळी जर्सी त्याची. म्हणजे एकही टप्पा न जिंकता अख्खी टूर जिंकता येते. २०१७ साली ख्रिस फ्रूमने तेच केलं. "मंग थो जिंकला कसा बे?" असं शेजारी पुटपुटत आत गेला की तुमची भरती झाली.

सायकल घेण्याच्या भानगडीत पडू नका. सायकल चालवणाऱ्या माणसाला शर्यतीबद्दल मत देताना संकोच वाटू लागतो, आणि संकोच हा जाणकारीला लागलेला पहिला पंक्चर आहे.

वेळेचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे. जुलैत फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, त्यामुळे टप्पा आपल्या दुपारी चार-पाचला सुटतो आणि नऊच्या आसपास संपतो. पहिले तीन-चार तास पाहू नका. त्यात फक्त शर्यत असते. चार-पाच जण सुटून पुढे जातात, मागचा घोळका त्यांना चार-पाच मिनिटं सोडतो आणि शेवटी गिळतो. का गिळतो ते विचारू नका, कारण उत्तर हवेत आहे. पुढच्याच्या चाकामागे लपून चालणाऱ्याची तीसेक टक्के ताकद वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहून जास्त. पुढचे चौघे आळीपाळीने वारा खातात, मागे दीडशे जण आहेत. घोळका जोर लावला की १० किलोमीटरमध्ये साधारण १ मिनिट खातो, असा जुना ठोकताळा आहे. तो तेवढा पाठ करा. पन्नास किलोमीटर उरले आणि फरक पाच मिनिटांचा दिसला की "आता लागेल जुगाड" असं म्हणून चहा मागवावा. पकडले गेले तर तुम्ही द्रष्टे. नाही पकडले तर "मागच्यांनी काम नाही केलं" हे वाक्य राखून ठेवलेलं असावं. हेच वाक्य घोळक्यातले संघही एकमेकांना ऐकवत असतात. ज्याचा माणूस पुढे सुटला आहे तो संघ मागे कशाला राबेल? मग बाकीचे "आम्हीच काहून?" म्हणून हात आखडतात, आणि कुठलासा अनोळखी पोरगा टप्पा घेऊन जातो.

आता संघाकडे वळू. २०१८ पासून एका संघात ८ जण. त्यातला एक नवरदेव, बाकीचे सात वऱ्हाडी नव्हेत, वाढपी. त्यांना डोमेस्टिक म्हणतात आणि त्याचा अर्थ जवळपास घरगडी असाच होतो. गाडीपाशी मागे जायचं, पाण्याच्या आठ-दहा बाटल्या जर्सीत पाठी-पोटाशी कोंबायच्या, पुन्हा घोळका फाडत पुढे येऊन वाटायच्या. नवरदेवाचं चाक गेलं तर आपलं काढून द्यायचं. घाटाच्या पायथ्यापर्यंत त्याला वाऱ्यापासून झाकून आणायचं आणि तिथे पाय संपले की बाजूला व्हायचं. या माणसाचा चेहरा पडद्यावर दिसतो तो नेमका बाजूला होताना, म्हणून तुमचं मत तयार असावं: "दम नाही याच्यात." पंगतीत वाढप्याने किती पानं वाढली ते कोणी मोजतं का?

हे गळालेले लोक आणि स्प्रिंटवाले जाडजूड गडी मिळून शेवटी एक टोळी करतात, तिला बस म्हणतात. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून वेळेची हद्द काढतात; टप्पा जितका कठीण, तितकी सूट जास्त. हद्दीबाहेर गेला तो घरी. बसमधले जुने गडी मनातल्या मनात हा हिशेब मांडत, ना जोरात ना हळू, हद्दीच्या दोन-तीन मिनिटं आत पोचतात. शर्यतीतली सर्वांत हुशार माणसं इथे असतात. कॅमेरा इथे नसतो, त्यामुळे तुम्हीही असू नये.

घाट हा तुमचा खास प्रांत. फ्रान्सच्या आल्प्समधला आल्प द्युएझ घ्या: १३.८ किलोमीटर, २१ वळणं, सरासरी चढ ८.१ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर. एकूण अकराशे मीटरहून जास्त उंची. अख्खं नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर बसलं आहे, तेव्हा हा एक घाट म्हणजे साडेतीन नागपूर एकावर एक. चढांचे वर्ग चारपासून एकपर्यंत, चार सोपा आणि एक अवघड, आणि त्याही पलीकडचा तो वर्गाबाहेरचा. आपल्या सेमिनरी हिल्सला यातला चौथा वर्गही मिळायचा नाही, पण ते तिथे मॉर्निंग वॉकला येणाऱ्यांसमोर बोलू नये.

मोठ्या घाटावर जिंकणारे वजनाच्या दर किलोला सहा वॉटच्या आसपास ताकद अर्धा-पाऊण तास टिकवतात. ६५ किलोच्या माणसाचे झाले ३९० वॉट. तेवढ्यात घरातले पाच सीलिंग पंखे फिरतात. तुम्ही ज्या एका पंख्याखाली बसला आहात तेवढी ताकद तुमच्या पायांतून किती मिनिटं निघेल याचा विचार न करता म्हणावं, "आज आकडे कमी पडले त्याचे."

खाण्याचंही कळलं पाहिजे. आजचे स्वार तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात ढकलतात: जेल, साखरेचं पाणी, चिकट भाताच्या वड्या. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, कारण शरीरातली साठवलेली साखर जोराच्या चालीत दोनेक तासांत उरकते. पुढे पाय आहेत पण इंधन नाही. आणि नुसतं गिळून भागत नाही, आतड्याने ते उचललंही पाहिजे; त्याचीही महिनोन्महिने सवय करावी लागते. २०२३ साली कोल द ला लोझच्या चढावर तोवर दोनदा टूर जिंकलेला खुद्द ताडेय पोगाचार असा विझला की त्या एका दिवशी प्रतिस्पर्धी योनास विंगेगोरने त्याला पाच मिनिटांहून जास्त मागे टाकलं. तुमच्याकडे तर्री-पोहे आहेत. दर तासाला एक प्लेट घ्या, वर शेव. आतड्याची सवय लहानपणापासूनची आहे.

इतिहास थोडा तोंडी लावायला ठेवा. १९८९ पुरेल. शेवटच्या दिवशी एकेकट्याने घड्याळाशी धावायचं होतं, २४.५ किलोमीटर. लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता, डोक्यावर काही नाही, मागे केसांची शेपटी वाऱ्यावर. ग्रेग लेमाँडने हँडलला पुढे निघालेल्या दांड्या लावून हात जुळवले, अंग बारीक केलं, आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटरनंतर टूर ८ सेकंदांनी नेली. व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा आठ सेकंदांत सहा वेळा हॉर्न वाजवतो, त्या नागपूरकराला ही गोष्ट वेगळी समजावावी लागत नाही.

पिवळ्या रंगाचंही आपल्याला कौतुक सांगू नये. टूर १९०३ ची, एका वर्तमानपत्राने खप वाढवायला काढलेली. त्याचा कागद पिवळा, आणि १९१९ पासून पुढच्याच्या अंगातली जर्सीही पिवळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जा म्हणत नागपुरात मिरवून जाळतात ती आपली पिवळी मारबत टूरहून जुनी आहे. ताकद वाढवणाऱ्या बंदीच्या औषधांचा विषय निघाला तर मारबतीकडेच वळावं. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली, ती दुसऱ्या कोणालाच दिली नाहीत, यादीत त्या सात जागा रिकाम्या आहेत. तेव्हापासून कोणीही जरा बरा चढला की आवाज खाली आणून "काहीतरी घेतलं असंल" म्हणायची सोय झाली. पुरावा लागत नाही. घेऊन जा गे मारबत.

पुण्यात २०२६ च्या जानेवारीत टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. त्यावर "आपल्याकडे घाट नाहीत म्हणून, नाही तर..." एवढंच म्हणावं. पुढचं वाक्य आजवर कोणी पूर्ण केलेलं नाही.

शेवटची अडचण पावसाची. साडेआठला आभाळ फाटतं आणि शेवटच्या तीन किलोमीटरवर लाईन जाते. घाबरू नका, नियम तुमच्या बाजूने आहे. सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये जो पडला किंवा ज्याची सायकल बिघडली, तो ज्या घोळक्यात होता त्या घोळक्याचाच वेळ त्याला मिळतो. चालत आला तरी चालतं. हा पट्टा हल्ली काही टप्प्यांत पाचपर्यंत वाढवतात. तुम्हीही तोपर्यंत घोळक्यात होताच. सकाळी टपरीवर "पाहिली ना, काय स्प्रिंट झाला" म्हणून टाकायचं, वेळ सारखाच लागेल. फक्त टप्पा घाटमाथ्यावर संपत असेल तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा त्या दिवसांपुरता इन्व्हर्टर चार्ज आहे का ते दुपारीच पाहून ठेवा.